मधला रकाना

माझा दादा खोटं बोलतो हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही त्याच्याच हस्ताक्षरात वाचून. तोवर मी त्याच्या शब्दावर डोळे मिटून चालत आले होते. धाकट्या बहिणी चालतातच. डोळे उघडे ठेवायचं काम थोरल्याचं, असं आमच्या डोक्यात कुणीतरी लहानपणीच भरवून ठेवलेलं असतं.

दादा लिफ्टवाला. म्हणजे लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबणारा नव्हे, तर लिफ्ट बंद पडली की गच्चीवरच्या मशीनरूममध्ये चढणारा. छत्तीस वर्षं त्याने हेच केलं. कुणाकडे जेवायला बसला आणि बाहेर लिफ्ट सुरू झाली, की त्याचा घास हातातच थांबायचा. "ब्रेक घासतोय," एवढंच म्हणायचा आणि पुढे जेवायला लागायचा. यजमान मग आठवडाभर जिन्याने ये-जा करायचे.

त्या कामातली एक सवय त्याने जन्मभर सोडली नाही. प्रत्येक मशीनच्या पत्र्याच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवलेलं असतं. त्यावर तीन रकाने: तारीख, काम, सही. दादाच्या उमेदवारीच्या काळात एका माणसाने ब्रेक न तपासताच 'तपासला' असं लिहून सही ठोकली होती. दुसऱ्या दिवशी त्या कार्डावर भरवसा ठेवून दुसरा माणूस शाफ्टमध्ये उतरला आणि पाय गमावून बसला. "कार्डावर लिहिलं म्हणजे केलंच," दादा सांगायचा. "नसेल केलं तर मधला रकाना कोरा ठेव. पण खोटं लिहू नकोस. आणि वाचणाऱ्याने खाली आपली सही करायची, म्हणजे वाचलं नाही म्हणायची सोय राहत नाही." हे त्याने मला इतक्यांदा सांगितलं होतं, की कधी कधी त्याच्या आधी मीच वाक्य पुरं करायचे.

निवृत्तीनंतर माणसं एकतर बागेत फेऱ्या मारतात, नाहीतर बायकोच्या पायात पायात येतात. दादाने दुसरं सहा महिने करून पाहिलं. मग वहिनींनीच त्याला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला, जसं एखाद्या मुलाला गप्प बसवायला खुळखुळा द्यावा तसा. वर्षभरात तो आमच्या सगळ्या वस्तीचा कॉम्प्युटरवाला झाला. गळ्यात दोरी, दोरीला किल्ल्यांसारखे सात-आठ पेनड्राइव्ह. मुलं त्याला पेनड्राइव्हकाका म्हणायची, आणि मोठी माणसंही पाठीमागे तेच म्हणायची. ज्या डब्याला आम्ही सगळे सीपीयू म्हणतो, त्याचं झाकण उघडून आधी फुंकर, मग ब्रश, मग खोडरबर. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबराने घासायच्या आणि परत खटकन बसवायची. निम्मे आजार तिथेच बरे. उरलेले निम्मे तो गप्पा मारून बरे करायचा. आणि जाताना झाकणाच्या आत एक कार्ड चिकटवायचा. तारीख, काम, सही.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते त्याला नवी सिस्टिम सापडली तेव्हा.

जुनी सिस्टिम लवकरच बंद होणार, कंपनी तिच्याकडे बघणार नाही, असं कुठेतरी वाचून तो पेटला. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली एक फुकटची सिस्टिम होती. ती टाकली की व्हायरस नाही, कटकट नाही, कुणाचं मिंधेपण नाही. "परक्याच्या घरात किती दिवस राहणार? आपल्या घरात या," असं तो दारोदार सांगत सुटला. इमारतीच्या सभागृहात त्याने दीड तास भाषण ठोकलं. लोक आले, कारण खाली पाणी आलं नव्हतं आणि वर पंखे होते. पण भाषण चांगलं झालं. अठरा घरांनी आपापले डबे त्याच्या हवाली केले.

मग सुरू झाली निस्तरानिस्तर. दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या मास्तरांचा कॅमेरा उलटा दिसायला लागला. ते महिनाभर मुलांना छतावरून लटकल्यासारखे शिकवत होते. समोरच्या दंतवैद्यांचा प्रिंटर फक्त कोरी पानं काढायचा, पण अगदी न चुकता. तळमजल्यावरच्या आजींचा पत्त्यांचा खेळ गेला, तर त्यांनी दादाशी बोलणंच टाकलं. दादा मात्र एकालाही परत जुन्याकडे जाऊ द्यायचा नाही. "थोडा दम धरा. सवय होईल. मागे फिरणं म्हणजे लिफ्ट नीट करायची सोडून जिना चढणं." लोक आगीतून फुफाट्यात पडले होते, पण पेनड्राइव्हकाका स्वतः येऊन बसतो, निगुतीने करतो, म्हणून तोंडावर कुणी काही बोललं नाही.

एकोणिसावं घर माझं.

मी घरी बसून टायपिंगची कामं घेते. अर्ज, करारनामे, विद्यार्थ्यांचे प्रबंध. जुन्या सिस्टिमवर माझं मराठीचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. त्याची कंपनी केव्हाच बुडाली होती, पण माझी बोटं त्याच्यावर धावायची. ते चालू करायला एक डाँगल लागायचं, म्हणजे अंगठ्याएवढी एक किल्ली, डब्याच्या मागे खोचायची. ती नसेल तर सॉफ्टवेअर तोंड उघडायचं नाही. माझ्या डाँगलवर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. पूर्वी ज्या दुकानात मी टायपिंग करायचे, तिथे पाचजणींची पाच डाँगलं एकाच ड्रॉवरात असायची आणि अदलाबदल झाली की भांडणं व्हायची, तेव्हापासूनची ती खूण.

चार जानेवारीला दादाने माझा डबा उघडला. माझ्या सगळ्या फाईली त्याने आधी जपून बाजूला काढल्या, नवी सिस्टिम टाकली, फाईली परत आणून ठेवल्या. डाँगल हातात घेऊन म्हणाला, "ह्याचं आता काही काम नाही, चिमे." आणि आपल्या खोक्यात टाकलं. मला तो अजून चिमी म्हणतो. मी आजी झाले तरी म्हणतो.

एक गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही, आणि मराठी टायपिंग करणाऱ्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीही नसती. त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर दिसायचं मराठी, पण फाईलच्या पोटात मराठी नसायचंच. पोटात असायची इंग्रजी अक्षरं, टक्क्यांची चिन्हं, कंस, फुल्या. त्यांच्यावर मराठी अक्षरांचा मुखवटा चढवायचं काम ते सॉफ्टवेअर करायचं. आम्ही फाईली जपल्या आणि मुखवटा फेकून दिला.

कामाच्या फाईलींचं मी निभावून नेलं. नव्या कळा शिकले, बोटांना नव्याने शाळेत घातलं. पण त्यात एक फाईल होती जी कामाची नव्हती. आईची.

आई माझ्याकडे राहते. तिने अठ्ठावीस वर्षं एका इस्पितळाच्या धुलाईघरात काढली, त्यातली अकरा मुकादम म्हणून. बोलायची म्हणजे नुसता धबधबा. दोन वर्षांपूर्वी मी सहज म्हटलं, "आई, तू बोल, मी टाइप करते." ती पलंगावर पाय सोडून बसायची, मी कॉम्प्युटरपाशी, आणि ती बोलेल ते शब्द न् शब्द मी उतरवायचे. माझा वेग तेवढा आहे. कुठल्या वॉर्डची चादर कशी ओळखायची, कुठला डॉक्टर खिशात पेन विसरायचा, वडील रागावले की कुठे जाऊन बसायचे. कागदावर एकही पान छापलं नव्हतं. मी छापायला निघाले की ती म्हणायची, "थांब गं, अजून आठवतंय." मी थांबले. थांबला तो संपला, हे मी तेव्हा शिकायला हवं होतं.

जानेवारीच्या शेवटी, सकाळी दात घासताना, आईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, तो हळूहळू हलायला लागला. बोलणं मात्र गेलं. समजायचं सगळं, पण शब्द हाताला लागायचे नाहीत. डोळे भरून यायचे आणि तोंडातून निघायचं फक्त "हो". भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो.

बोलणं परत शिकवायला एक बाई घरी यायला लागल्या. तरुण होत्या, पण फार शांत. त्यांनी विचारलं, "ह्यांच्या तोंडची म्हणून ठरलेली वाक्यं आहेत का? म्हणी, किस्से, काहीही? आपण वाक्य वाचायचं आणि शेवटचा शब्द सोडून द्यायचा. स्वतःचंच वाक्य असलं की जीभ कधी कधी आपोआप पुरं करते."

मी म्हटलं, "किस्से कसले घेऊन बसलात! आख्खं पुस्तक आहे."

"मग तुमच्यासारखं नशीबवान कुणी नाही," बाई म्हणाल्या. "पण वेळ घालवू नका. पहिले सहा महिने फार मोलाचे असतात."

मी फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा, टक्क्यांचा भुसा. माझ्या आईची दोन वर्षं.

दादा धावत आला. तीन तास बसला. जुन्या फाईली मराठीत आणून देणारी दोन-चार साधनं त्याने चालवून पाहिली, पण माझं सॉफ्टवेअर इतकं जुनं आणि अनवट की एकही त्याला ओळखेना. फाईलीची प्रत आणि त्या सॉफ्टवेअरची, डाँगलवाचून मुकी असलेली, जुनी सीडी त्याने घरी खटपट करायला ठेवून घेतली. मी डाँगलचं विचारलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ते मी भंगारात घातलं गं, मागच्याच आठवड्यात. सगळं खोकं रिकामं केलं." त्याचा चेहरा इतका पडला होता, की मीच त्याची समजूत काढली. चहा केला. तेव्हा तो खरंच बोलत होता, हे मी आजही मानते. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

त्यानंतर दर रविवारी सकाळी दहाला दादा यायचा. आधी आईपुढे उभा राहायचा. "आई, मी कोण?" आई हसायची, डाव्या हाताने त्याचा हात धरायची आणि म्हणायची, "हो." तोवर माझं नाव तिला परत सापडलं होतं, बुडताना काठ धरावा तसं दिवसातून शंभरदा ती "चिमी" म्हणायची. त्याला ती पूर्वी 'थोरला' म्हणायची, कधी नावाने हाक मारली नाही. तो शब्द काही येईना. दादा मान हलवायचा, माझ्या कॉम्प्युटरपाशी येऊन बसायचा, झाकण उघडायचा, काहीतरी खटपट करायचा. मी शेजारी स्टुलावर. "प्रयत्न चालू आहेत, चिमे. सुटेल ही गाठ." जाताना कार्ड काढून तारीख घालायचा, सही करायचा. मी त्याला दर वेळी विलायची घातलेला चहा द्यायचे. एकवीस रविवार. एकदाही चुकला नाही. मी शेजारणींना अभिमानाने सांगायचे, की भाऊ असावा तर असा.

जुलैच्या मध्यात दादा जुन्या सोबत्यांबरोबर चार दिवस बाहेरगावी गेला होता. बुधवारी दुपारी वहिनींचा फोन आला. त्यांना विणकामाचा एक नमुना छापायचा होता आणि कॉम्प्युटर सुरू होईना. "नुसता टीं टीं टीं करतोय. ह्यांना फोन केला तर म्हणतात, मी आल्यावर बघतो, हात लावू नकोस. तुम्हाला येतं का हो काही?"

एकवीस रविवार स्टुलावर बसून मी काय माश्या मारत होते? मी म्हटलं, "रॅम सैल झाली असेल. खोडरबर आहे का घरात?"

दादाची खोली तुम्ही पाहायला हवी. भिंतीवर आकाराप्रमाणे लावलेले स्क्रू ड्रायव्हर, बरण्यांत प्रकाराप्रमाणे स्क्रू, वायरींना चिठ्ठ्या. मी डबा भिंतीपासून ओढून वळवला आणि वायरी काढायला मागे वाकले. काळ्या पाठीवर एक अंगठ्याएवढी किल्ली खोचलेली होती. तिच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका.

मी ती लगेच ओळखली, पण मनाने ओळखायला वेळ घेतला. आधी वाटलं, सापडली! बरं झालं! दादाला कळवते! मी खरोखरच फोन हातात घेतला होता. मग वाटलं, आधी झाकण उघडून रॅम तरी बसवू. झाकण उघडलं. आत कार्ड होतं. त्याच्या स्वतःच्या मशीनचं कार्ड, त्याच्या टपोऱ्या अक्षरांत.

बारा नोव्हेंबर. 'जुनी सिस्टिम वेगळ्या भागात परत टाकली. स्कॅनर चालेना.' सही.

बारा नोव्हेंबर. म्हणजे चार जानेवारीला तो माझ्याकडे येऊन "मागे फिरू नकोस" म्हणाला, त्याच्या जवळजवळ दोन महिने आधीच हा शहाणा मागे फिरून बसला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला हसू आलं, अगदी खरं सांगते. अठरा घरांची तोंडं डोळ्यांपुढे आली, ते उलटे लटकलेले मास्तर आले, आणि मी एकटीच हसले. मग पुढची ओळ वाचली.

वीस फेब्रुवारी. 'चिमीचे डाँगल जुन्या वायरींत सापडले. लावले. आईची फाईल उघडली. ३१२ पाने. ठीक.' सही.

एकवीस फेब्रुवारी. 'फाईल वाचली. पान ८६ पर्यंत.' सही.

त्याखाली काही नव्हतं.

मी खुर्चीवर बसले. तेवीस फेब्रुवारी रविवार होता. मला पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी आईला पहिल्यांदा खुर्चीत बसवलं होतं. तेवीस फेब्रुवारीला हा माणूस माझ्या घरी आला, माझ्या कॉम्प्युटरपुढे बसला, माझा चहा प्यायला आणि म्हणाला, "प्रयत्न चालू आहेत."

शत्रूने मारलं असतं तर सोसलं असतं. हा केसाने गळा कापणं म्हणतात ना, त्यातला प्रकार होता. आणि केस आमच्याच डोक्यावरचा.

रॅम घासली, बसवली. डबा सुरू झाला. पडद्यावर दोन ओळी आल्या: वर नवी सिस्टिम, खाली जुनी. मी खालची निवडली. माझं जुनं सॉफ्टवेअर एका चिन्हात शहाण्यासारखं बसलेलं होतं. फाईल उघडली. पहिलीच ओळ: 'लिही, मी सांगते तसंच लिही, शहाणपणा करून सुधारू नकोस.' आईचा आवाज कानात पडल्यासारखा झाला आणि मला रडू आवरेना.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "रोज सकाळी दार लावून बसायचे. मी समजले, तुमचंच काम करताहेत."

"माझंच करत होता," मी म्हटलं. "तीनशे बारा पानं छापायची आहेत. कागद आहे?"

"आहे. आणि मी ह्यांना काही सांगणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

"घरात कुणीतरी तसं असू दे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईपुढे बसून मी वाचायला लागले. आई टक लावून ऐकत होती. हे आपलंच आहे हे तिला पहिल्या पानावरच कळलं. ती लुळ्या हाताने मांडीवर ठेका धरायला लागली. मी वाचलं, "डाग कुठलाही असो, आधी थंड पाणी घे. गरम पाणी डाग पक्का..." आणि थांबले.

"करतं," आई म्हणाली.

बाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या आनंदाने ओरडल्याच. मग म्हणाल्या, "अहो, हे आधी मिळालं असतं तर..." आणि पुढचं बोलल्या नाहीत. शेवटचा शब्द सोडायची त्यांची सवयच आहे. तो मी आपला पुरा करून घेतला.

शुक्रवारी मी माझ्या डब्याचं झाकण उघडलं. इतके रविवार समोर बसले, पण दादा कार्डावर काय लिहितो ते मी कधी पाहिलं नव्हतं. ज्याच्यावर विश्वास असतो त्याची वही कुणी तपासतं का? वरच्या दोन ओळी भरलेल्या होत्या, नवी सिस्टिम टाकल्याची आणि फाईल न उघडल्याची. त्यांच्याखाली एकवीस तारखा होत्या. एकवीस सह्या होत्या. मधला रकाना त्या एकवीसही ओळींत कोरा. माझ्यापुढे बसून पाच महिने खोटं बोललेला माणूस कार्डावर मात्र एक अक्षर खोटं लिहू शकला नव्हता. मला म्हणे त्यामुळे त्याची दया यायला हवी, असं आमचे हे म्हणाले. मला उलट जास्त राग आला. पत्र्याच्या डब्याला खरं सांगतोस आणि बहिणीला नाही? मी पेन घेतलं आणि कोरे रकाने भरले. एकवीस वेळा एकच वाक्य: 'फाईल उघडत होती. सांगितले नाही.'

रविवारी दहाला बेल वाजली. दादा, गळ्यात पेनड्राइव्ह, हातात पिशवी. "काय म्हणतंय मशीन?"

"तूच बघ," मी म्हटलं.

त्याने झाकण उघडलं. आत वाकला आणि तसाच राहिला. मी घड्याळ पाहिलं नाही, पण बाहेर कुणीतरी लिफ्ट बोलावली, ती वर आली, थांबली, खाली गेली, आणि त्याने कान टवकारले नाहीत.

"चिमे," तो शेवटी म्हणाला, "त्या दिवशी सांगणारच होतो गं. मग वाटलं, नव्या सिस्टिमवरच उघडून देऊ. येत्या रविवारी जमेल, येत्या रविवारी जमेल. अठरा घरं होती. जुनी परत टाकली म्हटल्यावर काय तोंड दाखवलं असतं त्यांना?"

"अठरा घरांना तोंड दाखवायचं होतं. आणि आईचं तोंड बंद राहिलं ते?"

तो झाकणावरची धूळ बोटाने पुसायला लागला.

"शहाऐंशीव्या पानावर का थांबलास?"

त्याने मान वर केली. डोळे लाल झाले होते. त्याने खिशातून पेन काढलं, कार्डाच्या तळाशी, वाचणाऱ्याने करायची असते तिथे, सही केली. सही वाकडी आली. झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले. चहाची वाट बघितल्यासारखा क्षणभर उभा राहिला. मी चहा टाकला नव्हता.

"आईला भेटून जातो," तो म्हणाला.

"चल. आमची वाचायची वेळ झालीच आहे."

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. दादा नेहमीसारखा तिच्यापुढे गेला नाही, दाराच्या चौकटीलाच टेकून उभा राहिला. मी कागदांच्या गठ्ठ्यातून शहाऐंशीवं पान काढलं. मुद्दामच काढलं, मी काही संत नाही.

दादा नऊ वर्षांचा असतानाची गोष्ट त्या पानावर आहे. घरमालकांचा रेडिओ त्याने खोलला आणि त्याला तो परत जोडता येईना. आईला काही कळायच्या आत तो सगळे स्क्रू एका वाटीत घालून एकटाच मालकांच्या दारात गेला आणि म्हणाला, मी मोडला. मालकांनी त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि मग जेवायला बसवलं. आईने हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, आणि मी टाइप करता करता हसत होते. मी सावकाश वाचत गेले. आई डोळे मिटून मान डोलवत होती. पानाच्या शेवटच्या वाक्याशी आले.

"दहा वस्तू मोडील, पण मोडलं म्हणून सांगायला स्वतः येईल. असा आहे माझा..."

मी थांबले. आईने डोळे उघडले. ओठ हलले, थांबले, परत हलले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"थोरला," ती म्हणाली. स्वच्छ, मोठ्याने, पूर्वी म्हणायची तसं.

ह्या शब्दासाठी तो एकवीस रविवार तिच्यापुढे उभा राहिला होता. मी मागे वळून पाहिलं नाही. तिला आनंद झाला होता, ती हात पुढे करून तेच तेच म्हणत होती, थोरला, थोरला, आणि दारातून कुणी येत नव्हतं. मी सत्त्याऐंशीवं पान घेतलं आणि वाचायला लागले.